शिन्साइबाशी स्थानकातल्या ताईंना मनापासून धन्यवाद

प्रिय ताई,

ओसाकाच्या मिदोसुजी मार्गावर शिन्साइबाशी स्थानकात तुम्ही माझ्या बाबांना मेट्रोत बसवून दिलंत. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमचं कौतुक आमच्या माणसांनी वाचावं असं फार वाटतं.

बाबा बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहेत. पण हे स्थानक त्यांना बघायचंच होतं. २० मे १९३३ रोजी उमेदा ते शिन्साइबाशी अशी ओसाकाची पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा गाडी होती एका डब्याची. तरीही महापौर सेकी हाजिमे यांच्या काळात लांबलचक फलाट आणि उंच कमानदार छत बांधून ठेवलं गेलं. आज तिथे दहा डब्यांची गाडी उभी राहते. नव्वद वर्षं पुढचं पाहणाऱ्या त्या लोकांबद्दल बाबा नेहमी भरभरून बोलतात.

तुम्ही घडीचा रॅम्प घेऊन आलात आणि कुठे उतरायचं ते विचारलंत. मला नाही, बाबांना. खाली वाकून, त्यांच्या डोळ्यांत बघत. आजारपणापासून दवाखान्यात, बँकेत, लग्नकार्यात सगळे त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलतात. ते समोर असून नसल्यासारखे. त्यांचं बोलणं अडखळतं, तरी तुम्ही ‘उमेदा’ हा शब्द त्यांच्या तोंडून पूर्ण होईपर्यंत थांबलात. मग फोन करून उमेदाला डब्याचा आणि दाराचा क्रमांक कळवायला निघालात, तेवढ्यात बाबांनी वर छताकडे बोट दाखवलं. तुम्ही फोन खिशात ठेवलात. समोरून एक गाडी गेली, दुसरीही गेली. बाबांचं बघून झाल्यावरच तुम्ही फोन लावलात. त्या गर्दीच्या वेळी तुम्हाला किती कामं असतील!

उमेदाला दार उघडलं तेव्हा तुमचे सहकारी नेमके त्याच दारासमोर रॅम्प घेऊन उभे होते. त्यांचेही आभार.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला फोनवर सगळं स्वतः सांगितलं. वेळ लागला, पण मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. इतके दिवस त्यांची वाक्यं मीच पुरी करत होते. तुमचं बघून ते सोडलं.

पुढच्या वेळी त्यांना याच मार्गावरच्या योदोयाबाशी स्थानकाचं छत बघायचंय.

तुमची ऋणी,
पुण्याची एक मुलगी