लाल आकडे

इंदूर,
रविवार दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री मी फोन आपटला, ते चुकलंच. पण तूही अकरा वाजता रडवेल्या आवाजात "आई, तुझं पोटॅशियम ५.९ आहे, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जा" म्हणायला लागलीस, तर माणसानं करायचं काय? बाबा घोरत होते, माझे मटार सोलायचे राहिले होते. आणि खरं सांगू, मला राग आला. एकतीस वर्षं मी लॅबमध्ये नळ्या हाताळल्या आणि आता माझी लेक स्क्रीनशॉट पाठवून माझंच रक्त मला समजावून सांगते! फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर टाईप केलं असतं तर तू अंगठा दाखवून पुढे सरकली असतीस.

वाढदिवसाला तू ते ८२ तपासण्यांचं पॅकेज भेट दिलंस, त्यामागची माया मला कळते. पण ८२ हा आकडा कसा होतो ते ऐक. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एक तपासणी. एक नळी, एक मशीन, दीड मिनिटाचं काम. पॅकेजवाले तिच्या वीसेक ओळी वीस तपासण्या म्हणून मोजतात. साडी एकच, पण पदर वेगळा, काठ वेगळा, ब्लाऊजपीस वेगळं, तसं.

आणि त्या रेंजचं गूढ. निरोगी माणसांचं रक्त तपासतात, त्यातली मधली ९५ टक्के माणसं ज्या दोन आकड्यांच्या आत बसतात, ती नॉर्मल रेंज. म्हणजे धडधाकट शंभरांतली पाच माणसं बाहेर राहणारच, रेंजची व्याख्याच तशी आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. ८२ ओळींत एकही लाल निघाला नसता तर मीच म्हटलं असतं, मशीन तपासा.

माझे पाच लाल आले. पोटॅशियम, ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते), हिमोग्लोबिन, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) आणि एमसीएच (एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन ते). ईएसआर २८ आहे आणि त्यांच्या कागदावर मर्यादा २० छापली आहे. बायकांसाठी जुना साधा हिशेब आहे: वयात १० मिळवायचे आणि निम्मे करायचे. मी ६४ ची. ३७ पर्यंत चालतं. विषय संपला.

पोटॅशियमची गोष्ट जरा मोठी आहे. सकाळी साडेसहाला स्कूटीवरून एक मुलगा आला. चांगला होता बिचारा, पण घाईत. दंडाला पट्टा करकचून बांधला, मूठ उघडझाप करायला लावली, दोनदा टोचूनही नस सापडेना, तिसऱ्यांदा सापडली. नळी पिशवीत टाकून तो अजून चार घरी जायला निघाला. लाल पेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, बाहेरच्या पाण्यात अगदी थोडं. पट्टा आवळला, मूठ दाबली, पेशी फुटल्या, नळी तासन्‌तास तशीच हिंदकळत राहिली, की आतलं बाहेर येतं आणि मशीन इमानदारीनं ५.९ लिहून मोकळं होतं. तुझ्या त्या चॅटबॉटनं "हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात" असं सांगितलं, ते खोटं नव्हे. एवढं वाढलेलं पोटॅशियम खरंच असतं तर धोकाच होता. फक्त त्या बिचाऱ्याला स्कूटी दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मूठ न दाबता रक्त दिलं. ४.३.

हाच आकडा बाबांचा आला असता तर मात्र मी रात्रीच रिक्षा केली असती. त्यांची बीपीची गोळी त्या जातीची आहे जिच्यानं पोटॅशियम वाढू शकतं. माझी किडनी त्याच रिपोर्टात ठीक आहे आणि मला गोळ्या नाहीत. आकडा तोच, माणूस वेगळा.

आता तुझी एक माफी. बीपीचं मशीन तू पाठवलंस तेव्हा मी टिंगल केली होती. ऑनलाइन शीट बनवून दिलीस तेव्हा तर म्हटलं, ही आता पुण्यात बसून बापाचा दाब मोजणार! पहिले दहा दिवस आम्ही जे मापलं ते सगळं टाकाऊ होतं. बाबा दिवाणावर पाय लोंबकळत सोडून बसायचे, कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा, हात खाली मांडीवर, आणि तोंडानं होळकर स्टेडियमच्या पिचवर भाषण. पट्टा फुगत असताना विराट किती चुकला हे सांगायचं असतं का? मग मी लॅबवाली झाले. चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, पावलं जमिनीला, हात उशीवर छातीच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प, मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा. पाच मिनिटं गप्प बसणं त्यांना गोळीपेक्षा कडू गेलं.

पण त्या शीटमधून निघालं काय? डॉक्टरांकडे ते नेहमी संध्याकाळी जात, तिथे १२८, १३०. घरी रोज सकाळी १५० च्या आसपास. घरच्या मापात १३५/८५ च्या वर सरासरी गेली की ती जास्त धरतात. दोन वर्षं आम्ही "कंट्रोलमध्ये आहे" म्हणत बसलो होतो. डॉक्टरांनी सात दिवसांच्या ओळी मोबाईलवर वर-खाली केल्या आणि औषध बदललं. हे तुझ्यामुळे झालं. मी लिहून देते.

आणि खरं विचारशील तर मला फोनमधलं सगळ्यात आवडतं आरोग्याचं ॲप म्हणजे गजर. दर रविवारी नऊ वाजता वाजतो, त्याचं नाव ठेवलंय 'कूलर'. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं आठवडा-दहा दिवसांत उरकतं, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतायचं. नुसतं ओतून भागत नाही, कडा ब्रशनं घासायच्या, कारण अंडी भिंतीला चिकटून कोरड्यातसुद्धा महिनोन्‌महिने तग धरतात. डेंग्यूवर पपईच्या पानांचे फॉरवर्ड मला आजवर शंभर आले असतील. कूलर घासा असा एकही नाही. घासण्यात गंमत नाही ना.

गंमत हवीच असते लोकांना. होळकरांच्या काळात प्लेग आणि हिवतापानं इंदूर हैराण होतं, तेव्हा दरबारानं पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. १९१८ चा त्याचा शहराचा अहवाल प्रसिद्ध आहे. त्यानं म्हणे दिवाळीची मिरवणूक काढायला लावली, तिच्यात उंदराची आणि डासाची मोठ्ठी सोंगं, आणि जाहीर केलं की जिथली घरं जास्त स्वच्छ, त्या रस्त्यानं मिरवणूक जाणार. लोकांनी गल्ल्या घासून काढल्या. पत्रक वाटलं असतं तर पुड्या बांधल्या असत्या त्याच्या.

बरं. आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसले, आणि बसल्यापासून इकडचं तिकडचं लिहीत टाळते आहे, ते.

उरलेले तीन लाल आकडे. हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ६६, आणि एमसीएच, ती त्याच गोष्टीची दुसरी बाजू. ॲपनं खाली लिहिलंय, "लोहाची कमतरता असू शकते, पालक आणि खजूर खा." त्याच पानावर लाल पेशींचा आकडा आहे ५.६, तो हिरवा आहे म्हणून तू बघितला नाहीस. एमसीव्हीला त्यानं भाग. ६६ भागिले ५.६, साधारण ११.८. हे उत्तर १३ च्या खाली आलं की आम्ही लॅबवाले लोहाचा विचार बाजूला ठेवतो. पेशी आकारानं लहान पण संख्येनं भरपूर, म्हणजे थॅलेसेमियाचा संशय, आईबापांकडून रक्तात उतरणारा, हिमोग्लोबिन कमी बनण्याचा प्रकार. ८२ ओळी देणाऱ्या ॲपला हा एक भागाकार सुचला नाही.

मला संशय नाही, मला माहीत आहे. तू दुसरीत असताना आमच्याकडे नवीन काउंटर मशीन आलं, तेव्हा तपासून बघायला आम्ही सगळ्यांनी आपापलं रक्त घातलं होतं. माझा कागद बाहेर आला आणि आमच्या मॅडमनी तो हातातच धरून ठेवला. मग पुढची तपासणी झाली. हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार ५.१ टक्के. साडेतीनच्या वर थॅलेसेमिया मायनर. आजार नव्हे, काही होत नाही, मी तुझ्यासमोर धडधाकट आहे. पण आईबापांपैकी एक असा असेल तर प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी.

मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, त्यांनी "बरं" म्हटलं. तुझी स्थळं बघायला लागलो तेव्हा मनात आलं, पण लोक 'मायनर' हा शब्द ऐकत नाहीत, 'मुलीच्या रक्तात दोष आहे' एवढंच ऐकतात. लग्नानंतर सांगू म्हटलं. मग दोन वर्षांपूर्वी तू ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकलास. तुझी एमसीव्ही ७१. तुला तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि हिमोग्लोबिन तसूभर हललं नाही, हेही तूच सांगितलंस. मी वाचलं, आणि त्यावर बोट दाखवायच्या ऐवजी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

गणपतीत तू बोलता बोलता म्हणालीस की पाळीच्या तारखा ॲपमध्ये टाकायला लागले आहे, पुढच्या वर्षी बघू. तेव्हापासून मला झोप नाही. पोटॅशियमनं नव्हे.

तुझ्या एकटीत असेल तर काही बिघडत नाही. पण जावईबापूंमध्येही असेल, तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार, होण्याची. ती मुलं मी ब्लड बँकेत बघितली आहेत. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आत आला की न सांगता स्वतःच बाही वर सारायचा आणि विचारायचा, "आज कौनसा हाथ, आंटी?"

तेव्हा असं कर. एचपीएलसी नावाची तपासणी असते, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी. बरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घे, कारण लोह फार कमी असेल तर ए-टू थोडं खाली दिसतं आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणून हातात पडतो. उपाशी राहायची गरज नाही, पोहे खाऊन जा. मूठ आवळू नकोस. रिपोर्टबरोबर आलेख येतो, त्याचा फोटो मला पाठव, नुसता लाल-हिरवा आकडा नको. तुझं मायनर निघालं तर जावईबापूंचंही करायचं, बाळाचा विचार करण्याच्या आधी. दोघांचंही निघालं तरी मार्ग आहेत, गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते, जेनेटिक्सचे डॉक्टर नीट समजावतात. फक्त उशीर नको.

माझ्यावर चिडशील. चिड. फोन आपटायची पाळी तुझी.

बाबांना हे पत्र वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, "तिच्या सासरी काय सांगायचं?" मी म्हटलं, जांभळ्या टोपणाच्या नळ्या, दोन.

तुझी,
आई