सत्कार छापलेत, गाणं कुठाय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ग्वाल्हेर घराण्याचे गवई पं. कृष्णराव शंकर पंडित यांच्यावरचा लेख सकाळी वाचला, दुपारी चष्मा पुसून परत वाचला. रात्रभर मनातून जाईना, म्हणून आज हे पत्र लिहायला बसले आहे.

अर्ध्या पानाचा लेख. १९५९चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७३चं पद्मभूषण, १९८०चा तानसेन सन्मान, सगळं आहे, दोन दोन वेळा आहे. त्याबद्दल तक्रार नाही. ते मान त्यांनी कमावलेले होते. पण हा माणूस गात काय होता? सबंध लेखात एका रागाचं नाव नाही, तराणा नाही, आणि टप्पा या गानप्रकाराचा तर शब्दही नाही! कृष्णरावांवर लिहायला घ्यायचं आणि टप्प्याचं नावही काढायचं नाही, हे कसं जमलं?

ख्यालात गवई आधी स्वर लावतो, राग मांडतो, मग सावकाश तानेकडे वळतो. टप्प्यात ती सवड नाही. पंजाबी बोलांच्या दोन-चार ओळी, आणि पहिल्या अक्षरापासून छोट्या, गुंतागुंतीच्या, मध्येच उलटणाऱ्या ताना. एवढं करून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद यायचं. ग्वाल्हेरवाल्यांनी तो नुसता जपला नाही, ख्यालातही मिसळला आणि त्याला टपख्याल म्हटलं. कृष्णरावांची उतारवयातली ध्वनिमुद्रणं मिळतात, ती एकदा लावून ऐका. आवाज वयाचा आहे, पण तान दाणेदार आणि लय मुठीत. लेख लिहिण्याआधी कुणी एवढं तरी ऐकायला नको होतं का?

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून निवडलं, तेव्हापासून आमच्याकडे कार्यक्रम वाढले आहेत. गेल्या हिवाळ्यात अशाच एका कार्यक्रमात माझ्या विद्यार्थिनीला गायला बोलावलं होतं. मुलगी सतरा वर्षांची, माझ्याकडे सात वर्षं शिकते आहे. भैरवीतला एक टप्पा मी तिच्याकडून आठ महिने घोटून घेतला होता. वीस मिनिटं देऊ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग भाषणं. अकरा शाली मी स्वतः मोजल्या. सवा तास गेला. निवेदकानं कृष्णरावांचं नाव चार वेळा घेतलं. तंबोरे लावून झाले, तबला मिळवून झाला आणि एक स्वयंसेवक येऊन कानाशी म्हणाला, "ताई, पाच मिनिटांत आटपा, आणि भजन घ्या एखादं, लोकांना समजेल असं." पोरगी भजन गायली. चांगलं गायली. रिक्षात मात्र आमचा लष्कर भाग येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि पुढे महिनाभर तिनं गाण्याची वही उघडली नाही.

तुमचा लेख वाचताना मला तोच मंच दिसला. शालींना जागा आहे, गाण्याला नाही.

आणि कृष्णराव महाराष्ट्रापासून दूर राहिल्यामुळे उपेक्षित राहिले, असं लेखात म्हटलंय, हे काय आहे? दूर कशापासून? ते ग्वाल्हेरचे, त्यांचं घर इथलं, त्यांची गायकी इथली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशींकडे तालीम घेतली ती ग्वाल्हेरला. ती विद्या त्यांनी महाराष्ट्रात नेली आणि विष्णु दिगंबर पलुस्करांना दिली. कृष्णरावांचे शिष्य शरच्चंद्र आरोलकर हीच गायकी घेऊन मुंबईत राहिले आणि तिथे त्यांनी शिष्य तयार केले. गाणं इथून तिकडे गेलं आहे. मग दूर कोण राहिलं?

कृष्णरावांनी १९१४ साली, एकविशीच्या उंबरठ्यावर, इथे संगीत विद्यालय काढलं. १९१७मध्ये वडील गेल्यावर त्याला त्यांचं नाव दिलं, शंकर गांधर्व विद्यालय. १९८९मध्ये ते गेले. म्हणजे मधली पंचाहत्तर वर्षं. तुमच्या लेखात त्या विद्यालयाला अर्धं वाक्य मिळालं आहे. तालीम कुठून आली, त्याला तेवढंही नाही. ग्वाल्हेर घराण्याचे उस्ताद नत्थू खाँसाहेब, त्यांचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ पंडितांच्या घरी येऊन राहिले होते. दक्षिणी ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद, घरच्यासारखे! शंकररावांना तालीम त्यांची आणि पुढे कृष्णरावांनाही लहानपणी त्यांचीच. ग्वाल्हेरचेच गवई राजाभैया पूछवाले, त्यांनाही शंकररावांनीच शिकवलं. एका घरानं एवढं केलं. ते लिहायला तुम्हाला दोन ओळी सापडल्या नाहीत, फोटोला मात्र पाव पान दिलंत, तोही सत्काराचाच!

जाता जाता आणखी एक. पूर्वी तुमच्याकडे महिन्यातून एकदा बृहन्महाराष्ट्राचं पान यायचं. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, जबलपूर इथल्या बातम्या असायच्या. कुणाला न सांगता ते बंद झालं. मी दोनदा पत्र पाठवलं, पोचही आली नाही. आम्ही ई-पेपरची वर्गणी भरतो, आमच्या घरात अजून मराठी बोललं जातं. ते पान असतं, तर असा लेख छापण्याआधी तुम्ही इकडच्या कुणाला तरी विचारलं असतं.

त्या मुलीनं वही परत उघडली आहे. येत्या वसंत पंचमीला संध्याकाळी माझ्या घरच्या बैठकीत ती भैरवीतला तो टप्पा गाणार आहे, पूर्ण वीस मिनिटं. आपल्या प्रतिनिधीला जरूर पाठवा. हार-शाल काही नाही, सतरंजीवर बसावं लागेल.

कळावे,

एक निवृत्त संगीत शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर