मा. क्रीडामंत्री, आमचे खो-खोचे खांब कुणाच्या आदेशानं उपटले?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोरींना खो-खो शिकवते. आम्ही चार जुन्या खेळाडूंनी मिळून एक छोटी संस्था काढलीय, धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे, दरवर्षी ऑडिट करून घेतो, अनुदान एक रुपया नाही. मुलींनी शाळा सुटल्यावर मैदानावर यावं आणि दहावीनंतरही येत राहावं, एवढंच आमचं काम.

गेल्या सोमवारी पोरी प्रॅक्टिसला गेल्या तर तालुका क्रीडा संकुलातले आमचे दोन्ही खांब उपटून भिंतीकडंला फेकलेले. खड्डे मुरमानं बुजवून वरून रोलर फिरवलेला, फक्कीची एक रेघ शिल्लक नाही. विचारलं तर म्हणले, टेनिस बॉलची डे-नाईट टूर्नामेंट आहे, भाऊंच्या वाढदिवसाची, महिनाभर चालणार, तुम्ही पोरींना शाळेच्या व्हरांड्यात घ्या. साहेब, खो-खो व्हरांड्यात होतो का? ते खांब सागवानी होते, पोल मारताना, म्हणजे खांबाला धरून पुढं झेपावत गडी बाद करताना, पोरीचा दंड आणि छाती सोलू नये म्हणून सुताराकडून करून घेतल्यावर आम्ही स्वतः पॉलिश पेपरनं घासघासून गुळगुळीत केलेले. त्यातला एक तळापासून चिरलाय. आता तो रोवता येत नाही.

आणि ह्याच मैदानावर १५ ऑगस्टला स्टेजवरून शब्द दिला होता की संध्याकाळी ५ ते ७ मैदान फक्त मुलींचं, आणि दिवाळीच्या आत मुलींसाठी वेगळं बाथरूम चालू करतो. फोटो झाले, पेपरला बातमी आली. दिवाळी होऊन गेली. बाथरूम बांधलेलं आहे पण त्याला कुलूप आहे, चावी शिपायाकडं आणि शिपाई ५ ला घरी. दुसरं एक आहे त्याला आतून कडी नाही, एक पोरगी आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरून उभी राहते, समोर मोटारसायकलवर पोरं बसलेली असतात. पाळी आली की पोरी येतच नाहीत, चार दिवस गेले की आठवड्याची लय जाते, लय गेली की टीममधली जागा जाते, आणि मग घरचे म्हणतात बरं झालं सुटलं एकदाचं.

ब्रिटनमध्ये 'विमेन इन स्पोर्ट' नावाची धर्मादाय संस्था आहे, १९८४ पासून मुलींच्या आणि बायकांच्या खेळासाठीच काम करते. त्यांनी २०२२ ला सांगितलं की प्राथमिक शाळेत स्वतःला खेळाडू समजणाऱ्या मुलींपैकी ४३ टक्के मुली पुढं खेळापासून तुटतात, आणि लोक बघतील, नावं ठेवतील ही भीती त्याच्या मोठ्या कारणांत आहे. हे कुठं, तर जिथं पक्की मैदानं, लाईट, चेंजिंग रूम सगळं आहे तिथं. आमच्या परभणीत तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं निघालं. बीडला ४३.७. राज्याचा आकडा २१.९ आहे, म्हणजे आम्ही दुपटीच्या वर. माझ्याकडची पोरगी पंधरा-सोळाची झाली की मला तिच्या रनिंगची नाही, घरात स्थळं यायलेत का ह्याची काळजी लागते. आणि आत्ता सीझन चालू आहे, टीममधल्या काही पोरी आईबापासोबत उसाच्या फडावर गेल्यात, त्या उन्हाळा लागल्याशिवाय दिसायच्या नाहीत. जिल्हा स्पर्धा कुणाला घेऊन खेळायची?

तरी आमच्या मातीत काय आहे हे तुम्हाला माहीत असणारच. धाराशिवची सारिका काळे भारताची कॅप्टन होती, २०१६ ला दक्षिण आशियाई स्पर्धेत सोनं आणलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. कित्येक वर्षं एकच वेळ जेवून खेळले हे तिनं स्वतः सांगितलंय. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, नेपाळला ७८-४० नं हरवलं, त्या टीमची कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची आमच्या शेजारच्या बीडची. माझ्या पोरींच्या वहीत तिचे फोटो चिकटवलेत. नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या टीमनं नवी मुंबईत क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा आमच्या चौकात रात्री फटाके वाजले. ते वाजवणारीच पोरं आज मुलींच्या खांबांवर रोलर फिरवायलेत. क्रिकेट बोर्डानं २०२२ ला बायका-पुरुषांची मॅच फी सारखी केली, टेस्टला १५ लाख दोघांनाही, मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण वर समानता आली म्हणून खाली तालुक्यात ती आपोआप झिरपत नाही, तिथं कुणीतरी कुलूप उघडावं लागतं.

मी हे का एवढं मनाला लावून घेते ते सांगते. मी नववीत राज्य स्पर्धा खेळलेय, डाव काढायची, बाद न होता पाठलाग करणारीला तीन-तीन मिनिटं पळवायची. दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि घरात पाहुणे बसलेले. माझं वय कुणी विचारलं नाही, मी खेळते हे तर पाहुण्यांपासून लपवून ठेवलं. सासरी माझे बूट माळ्यावर गेले ते परत दिसले नाहीत. दोन लेकरं मोठी झाल्यावर मी मैदानावर आले तेव्हा ट्रॅकपँट घालते म्हणून गल्लीत काय काय बोललं गेलं ते इथं लिहीत नाही. गुडघ्याची गादी झिजलीय, डॉक्टर म्हणतात पळू नका. एका पोरीच्या बापानं भर बाजारात, खताच्या दुकानासमोर, मला म्हणलं की तुमच्यामुळं माझी पोरगी लग्नाला नाही म्हणायली. मी त्याला म्हणलं, चांगलंय की! पण घरी येऊन मी रडले साहेब, कारण त्या पोरीला घ्यायचं मैदानच माझ्या हातात नव्हतं.

आता राग सगळ्याच गोष्टींचा येतो. क्रीडा विद्यापीठ आधी छत्रपती संभाजीनगरला करोडीत होणार म्हणून जाहीर झालं, २०२० ला उचलून पुण्याला बालेवाडीत नेलं. पुण्यात काय कमी होतं? पाणी मागितलं तर रेल्वेनं लातूरला पाणी येईपर्यंत थांबावं लागलं, रोजगार मागितला तर कोयता हातात दिला. बीडच्या ऊसतोड बायकांचा सर्वे सरकारनंच २०१९ ला केला, ८२ हजार बायकांत १३ हजारांच्या वर बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. बाईचं शरीर राबायला आणि बाळंतपणाला लागतं, ते पळायला, उडी मारायला, जिंकायलाही असतं हे ह्या व्यवस्थेला मान्यच नाही. नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात बोगस प्रमाणपत्रवाले घुसले, राज्यभर प्रकरण गाजलं, आणि खरं खेळणाऱ्या पोरी कागद जमवत हिंडायलेत. जंतरमंतरवर २०२३ ला देशासाठी मेडल आणणाऱ्या पैलवान पोरींना रस्त्यावर फरफटताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, ते आमच्या पोरींच्या बापांनीही पाहिलं. त्यानंतर कुठल्या तोंडानं मी त्यांना म्हणू की लेक पाठवा, काळजी करू नका?

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा कायद्यात संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला घ्या म्हणून लिहिलंय. मग तालुका संकुलाच्या समितीत एक तरी खेळलेली बाई बसवा ना. तिथं बाई असती तर कडी बसवायला सांगावं लागलं नसतं. तालुका संकुलाची मर्यादा २०२२ ला १ कोटीवरून ५ कोटी केली सरकारनं, त्या पाच कोटीत एक कडी बसत नाही का?

आमचे दोन्ही खांब नवे करून त्याच जागी रोवून द्या. ५ ते ७ मैदान मुलींचं, हे भाषणात नको, सही-शिक्क्याच्या आदेशात द्या आणि तो गेटवर लावा. बाथरूमची चावी आमच्यातल्या एकीकडं द्या. टूर्नामेंट कुणाचीही असो, ७ नंतर लाईट लावून खेळा, आमचं काही म्हणणं नाही.

उत्तर लेखी पाठवा. फोनवर 'बघतो ताई' हे लई वेळा ऐकून झालंय. पोरी रोज ५ वाजता गेटवर येऊन थांबायलेत, परवा मी त्यांना घेऊन तिथंच बाहेर डांबरी रस्त्यावर वॉर्मअप घेतला, उद्याही घेणार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना अडचण झाली तर तक्रार माझ्या नावानं घ्या.

आपली,
खो-खोची एक जुनी खेळाडू
जि. परभणी