फक्कीच्या रेघा

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "पप्पा, सगळं सांगा" म्हणालीस आणि मी "आम्ही बरे आहोत, तू जेवलीस का" एवढंच बोललो. शेजारी काकू बसली होती, आजी होती. आज सकाळी तुझ्या बापूकाकाला सावडून आलो, अंघोळ केली आणि वरच्या खोलीत येऊन बसलोय. आता सांगतो.

शनिवारी सकाळी पलटणीतून फोन आला. लडाखात पहाटे छातीत कळ आली, उपचार मिळेपर्यंत संपलं होतं. वय ३८. सोळाशे मीटर पळून भरती झालेला आणि आठवड्यापूर्वीपर्यंत पोरांना दमात हरवणारा माणूस. मला अजून हिशेब लागत नाही. लेहहून दिल्ली, दिल्लीहून पुणे, रविवारची रात्र पुण्यात लष्करी रुग्णालयात, सोमवारी सकाळी घरी, असं कळलं. मयत दारात नाही आणि चूल बंद, असे दोन दिवस मी आजवर काढले नव्हते. कुणाला रडावं, कुठं बघून रडावं, तेच कळत नव्हतं. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. रविवारी कार्तिकी एकादशी, त्यामुळे आजीनं तेही घेतलं नाही.

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. रविवारी रात्री भावकीतली पोरं गोठ्याजवळ मोबाइल लावून बसली होती. आवाज बंद, पण उजेड तोंडावर. मला कळलं, नवी मुंबईतली बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल चालू आहे. तिडीक आली. दोन शिव्या द्यायला म्हणून उठलो, जवळ गेलो आणि विचारलं काय, तर "किती हव्यात?" आपल्या पोरींनी २९८ केल्या होत्या आणि ती आफ्रिकेची वोल्वार्ड शंभर करूनही खेळतच होती. मग अमनजोतनं तिचा झेल घेतला. चेंडू हातातून दोनदा उडाला, तिसऱ्यांदा धरला. एकही पोरगं ओरडलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथंच खाली टेकलो. बारा वाजता हरमननं मागं पळत शेवटचा झेल घेतला, ५२ धावांनी जिंकलो, आणि मी सवयीनं खिशातला फोन काढला. बापूला लावायला. पोरी, तोवर मला रडू आलं नव्हतं.

गुरुवारी सेमीफायनल झाल्यावर त्याचा आवाजी निरोप आला होता. जेमिमाच्या नाबाद १२७ वर दोन मिनिटं बोललाय. ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार करायचे म्हणजे काय चेष्टा आहे का, असं चारदा म्हणालाय. शेवटी, "सोनूला सांगा, पोरगी रडत होती पण हलली नाही." तो निरोप मी काकूला अजून ऐकवलेला नाही. दहाव्यानंतर बघू.

सोमवारी नऊच्या सुमाराला फाट्यावर गाडी आली. पुढं दोनशेएक मोटरसायकली, मागं फुलांनी सजवलेली लष्करी गाडी. फाट्यावर मोठा फ्लेक्स लागला होता. बापूचा फोटो मधे आणि त्याच्याभोवती एवढे नमस्कार करणारे चेहरे, की नवख्या माणसाला वाटावं निवडणूक आहे. वर "शहीद" लिहिलेलं. तो स्वतः या शब्दावर चिडायचा. "आम्ही नोकरी करतो, दादा," म्हणायचा. असो, पोरांनी मायेनं लावला होता, आपण काय बोलणार.

घरी पेटी पाऊण तास ठेवली. तेवढं मी लिहीत नाही.

दहन स्मशानात नाही, हायस्कूलच्या पटांगणावर. माणसं मावणारच नव्हती. रविवारी दुपारीच गवंड्यांनी विटांचा चौथरा बांधला. तिथं भरतीच्या पोरांनी नुकताच ट्रॅक आखलेला. चौथरा बरोबर सुरुवातीच्या रेघेवर आला. फक्कीच्या पांढऱ्या रेघा चौथऱ्याखाली जायच्या आणि पलीकडून बाहेर निघायच्या. तू पहिल्यांदा ज्या रेघेवर उभी राहिलीस आणि त्यानं मनगटावरच्या घड्याळात बघून "पळ" म्हटलं, तीच रेघ. हजारो माणसं होती. माझ्याशिवाय हे कुणाला दिसलं असेल का, ठाऊक नाही.

तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे होता. पुष्पचक्रं झाली. त्यात बराच वेळ गेला, कारण नावं पुकारणारा थकेना. मग त्याच्याच पलटणीच्या जवानांना हुकूम झाला, "शोक शस्त्र", आणि त्यांनी बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे करून माना खाली घातल्या. बिगुलवर लास्ट पोस्ट वाजली. हवेत तीन फैरी झाल्या. पहिल्या बाराला शाळेच्या पिंपळावरची सगळी पाखरं उठली आणि आजी दचकून माझ्या दंडाला धरून राहिली. त्याआधी जवानांनी झेंडा उतरवून घडी घातली होती. झेंडा चितेवर जाळत नाहीत. अधिकाऱ्यानं तो काकूच्या हातात दिला, सलाम केला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, जशी ओटी घेतात तसा. अग्नी धाकट्यानं दिला. नऊ वर्षांचं पोर, मडक्याला हात पुरत नव्हता म्हणून मी मागून धरलं. सगळं झाल्यावर पलटणीतल्या एकानं घोषणा दिली, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि "जय" पटांगणभर उठला. बापूचा आवाज त्यात सगळ्यात मोठा असायचा.

आता तुझं. मीच तुला येऊ नको म्हटलं, हे लक्षात ठेव. तुझ्यापासून गावापर्यंत दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, तू सोमवारी पोचलीच नसतीस. कुणी तुला बोललं तर माझं नाव सांग. सुतकात पळायचं का, हा तुझा प्रश्न मी आजीला विचारला. ती म्हणाली, "देवाला हात लावू नको म्हणावं तिला. पळायला कसलं आलंय सुतक?"

बापूला अविनाश साबळेचं किती वेड होतं, तुला माहीतच आहे. बीडकडचा पोरगा, फौजेत शिरला, सियाचिनला ड्यूटी केली आणि मग धावपटू झाला, म्हणून. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, स्टीपलचेसला, साबळेचं सोनं ०.०५ सेकंदानं गेलं, तेव्हा बापू आठ दिवस तेवढंच बोलत होता. "शतांश मोजायला शिक, दादा," मला म्हणायचा, "तुम्ही अजून सेकंदांत अडकलाय." यंदा जुलैत साबळेचा गुडघा गेला, तर त्याच्या ऑपरेशनची चौकशी घरच्यासारखी करत होता.

काल त्याचं कपाट लावताना एक वही सापडली. मला वाटलं, हिशेबाची. आत तुझ्या वेळा आहेत, सहावीपासूनच्या. तारीख, अंतर, वेळ, आणि पुढं शेरा: "अनवाणी", "नवे स्पाइक", "ताप होता तरी", "शेवटचे दोनशे ढिले". शेवटची नोंद गणपतीच्या सुट्टीतली आहे. १५००, ४ मिनिटं ५२ सेकंद. पुढं शेरा नाही, नुसती खाली मारलेली रेघ. खूश असला की तो असंच करायचा का, ते तुलाच माहीत.

येत्या रविवारच्या शर्यतीत किती वेळ लागली ते रात्रीच कळव. शतांशासकट. वही मी माझ्याकडे आणून ठेवली आहे.

तुझे,
पप्पा