तुझ्या झोपेचा पाऊण तास

पुणे, रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, माझ्यामुळे तुझे चित्रकाम मागे पडले का गं?" मी "छे, काहीतरीच" म्हणून विषय बदलला. ते उत्तर अगदी खोटे नव्हते, पण अपुरे होते, म्हणून हे पत्र.

तुझा जन्म झाला तेव्हा आपण नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी तैलरंगात काम करत असे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातल्या जवसाच्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो हळूहळू घट्ट होतो आणि पातळ थरालाही त्यासाठी काही दिवस लागतात. तेवढे दिवस ओला कॅनव्हास रांगत्या मुलीच्या हाताबाहेर ठेवायचा कुठे आणि टर्पेंटाइनचा वास पाळण्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही तो कसा, हे मला काही केल्या सुटले नाही. शेवटी ती पेटी माळ्यावर गेली आणि मी जलरंग हाती घेतले, तेही आवडीने नव्हे, नाइलाजाने.

तू दुपारी जेमतेम पाऊण तास झोपत असस. तेवढ्यात आभाळाचा एक हात द्यायचा, तो वाळेपर्यंत कुकर लावायचा आणि शिट्टीने तू जागी झाली नाहीस तर झाडांना हात घालायचा, असा माझा क्रम होता. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद; एकदा रंग पडला की तो शुभ्रपणा बहुधा परत मिळत नाही. त्यामुळे कुठे हात लावायचा नाही हे आधीच ठरवावे लागते, आणि ते मी भांडी घासताना, तुझ्या वरणभातात तूप कालवताना ठरवत असे. आज लोक माझ्या हाताच्या वेगाचे कौतुक करतात. तो वेग कोणत्याही कलाशाळेत मिळालेला नाही, तुझ्या झोपेतून आला आहे.

तरीही मी चिडत होते, हे लपवणार नाही. तू चार वर्षांची असताना ओंकारेश्वराच्या घाटाचे एक चित्र मी मागणीवरून करत होते. नदीचा भाग अजून ओला होता आणि तू त्यावर तळवा ठेवलास. मी तुला फटका मारला. तू रडली नाहीस. निळा झालेला हात उलटसुलट करून बघत राहिलीस. कागदावर तुझ्या बोटांभोवती पाणी पसरून फुलकोबीसारख्या कडा उमटल्या होत्या. दुसरे चित्र मी रात्री जागून पूर्ण केले. (त्या गिऱ्हाइकाने पुढे निम्मे पैसे बुडवले, ती गोष्ट वेगळी.)

त्यानंतर काही महिने दर रविवारी मी तुला केळकर संग्रहालयात नेत असे, ते बहुधा त्या फटक्याची भरपाई म्हणूनच. तू अडकित्त्यांपुढे फतकल मारून बसायचीस, मी दिव्यांची रेखाटने करायची. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्या दालनांत फिरताना मला नेहमी वाटे, या माणसाला छंद आणि मूल वेगळे काढून दाखवायला सांगितले असते तर त्याने काय केले असते?

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. मागे पडले ते तैलरंग, भिंतभर मोठी चित्रे आणि बालगंधर्वच्या कलादालनातले एक प्रदर्शन, जे मी दोनदा पुढे ढकलले आणि मग केलेच नाही. त्याची हळहळ आजही वाटते, पण ती माझी आहे, तू ती तुझ्या खाती मांडू नकोस. जलरंग मात्र मला तुझ्यामुळेच मिळाले, आणि गेली वीस वर्षे मी त्यांच्यावरच जगते आहे.

ते तळव्याचे चित्र मी फाडले नव्हते. कपाटामागे आहे, काच तडकली आहे आणि वरच्या कोपऱ्याला ओल लागली आहे. दिवाळीला येशील तेव्हा आपण ते बाहेर काढू. तुला हवे असेल तर घेऊन जा.

तुझी,
आई