बेकर स्ट्रीटच्या मराठी पुस्तिकेसाठी मदत हवी आहे, कळकळीची विनंती

नमस्कार मंडळी,

लंडनमधल्या हॅरो-वेम्ब्लीकडची आपली कितीतरी माणसं भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाईनने बेकर स्ट्रीट स्टेशनवरून येजा करतात, पण ५ आणि ६ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर मुद्दाम कितीजण थांबलेत? १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हाचे हे प्लॅटफॉर्म, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर जेमतेम दहा वर्षांनी! रस्ता खणायचा, विटांची कमान बांधायची आणि वर परत रस्ता करायचा असं ते काम. आत वाफेची इंजिनं, म्हणून हवा-उजेडासाठी दोन्ही भिंतींत तिरके झरोके ठेवलेले, ते कोनाडे अजून आहेत, आता आत दिवे लावलेत. विजेच्या गाड्या आल्या त्या १९०५ ला.

मागच्या उन्हाळ्यात आपण भारतातून आलेल्या आईबाबांना तिथे नेलं तेव्हा भुसावळला रेल्वेत नोकरी केलेले एक आजोबा कोनाड्याच्या विटांवर हात ठेवून उभेच राहिले, चार गाड्या गेल्या तरी हलेनात, मग म्हणाले, "याचं मराठीत काही लिहिलेलं आहे का हो?" आपल्याकडे काहीच नव्हतं.

तिथून या पुस्तिकेचं काम सुरू झालं. पिनरच्या दादांनी दोन महिने रात्री जागून मजकूर लिहिला, शाळेच्या ताईंनी ओळ न् ओळ तपासली, मुलांनी कमानीची इतकी सुंदर चित्रं काढलीत की बघत राहावं, आणि हॅरोच्या काकू, ज्यांनी सहलीला सगळ्यांसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, त्यांनीच पहिले १०० पौंड दिले, वर नाव छापायचं नाही अशी अट. अशी माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.

पण दिवाळीत याच कामासाठी ग्रुपवर मेसेज टाकला होता, दीडशे जणांनी वाचला, उत्तरं आली चार. वाईट वाटलं, खरं सांगते. गणपतीला हॉल अपुरा पडतो, मग याच कामाला आपण मागे का?

छपाईला ४८० पौंड लागतात, १९० जमलेत, २९० हवेत, २० मेच्या आत, प्रेसवाले पुढे थांबणार नाहीत. मंडळाचं नेहमीचं खातं, रेफरन्स 'बेकर', १० पौंडही चालतील, कॅश शनिवारी शाळेत खजिनदारांकडे, पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर जूनच्या सहलीला या, तिथे जिने आहेत, आजीआजोबांचा हात धरायला माणसं लागतात, नावं मला कळवा.

तुमची,
चिटणीस