आपली कंपनी तिसांत होती, आठवतं?

डोंबिवली,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, ना पत्र ना फोन. नातवाच्या मुंजीलाही आलो नाही. कारण सांगत नाही, तू ते खोटं धरूनच वाचशील. साखर आहे तिथेच आहे, बीपीची गोळी एक वाढली. तब्येतीचं संपलं.

गेल्या रविवारी सुमनने माळा आवरायला काढला आणि ट्रंकेतून आपल्या कंपनीची शेअर सर्टिफिकेटं निघाली. दोनशे शेअर. त्यांच्याखाली एक कात्रण, कडा गळून गेलेलं. तीस कंपन्यांची यादी. १९८६ च्या जानेवारीत मुंबई शेअर बाजाराचा तो नवा निर्देशांक सुरू झाला, तेव्हा टूलरूमच्या फळ्यावर साहेबांनी लावलेलं. आपल्या नावाखाली लाल रेघ तू मारलीस की मी, यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. रेघ निळी आहे, बाळ्या. दोघेही खोटे.

तेव्हा त्याला सेन्सेक्स हे नावही नव्हतं. ते शेअर बाजाराचे विश्लेषक दीपक मोहोनी यांनी १९८९ मध्ये काढलं. कॅन्टीनमध्ये आपण नुसतं ‘तिसांत आहोत’ म्हणायचो, जणू आपल्या लेथमुळेच आहोत.

सांगायचं ते आता. गावची जमीन विकली त्याचे पैसे बँकेत पडून आहेत. निखिल म्हणतो, बाबा, इंडेक्स फंडात टाका, म्हणजे निर्देशांकाच्या यादीतलेच शेअर घेणाऱ्या फंडात. मी म्हटलं, आधी तो निर्देशांक म्हणजे काय ते सांग. पोराने जेवताना पापड मोडून समजावलं. १९७८-७९ च्या बाजारमूल्याला १०० धरलं. तिथून तो आता ऐंशी हजारांच्या आसपास आहे. कंपनीचं सगळं बाजारमूल्य धरत नाहीत, प्रवर्तकांच्या, म्हणजे मालकमंडळींच्या, तिजोरीतले शेअर सोडून बाजारात फिरणारे तेवढेच. ही रीत १ सप्टेंबर २००३ पासूनची, आपल्या वेळी सगळंच धरायचे. म्हणून टीसीएस एवढी मोठी, पण सत्तर टक्क्यांच्या वर टाटांकडेच, तर यादीत वजन कमी. उलट एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स या तिघांचंच वजन तिसऱ्या हिश्श्याच्या वर. बाकी सत्तावीस जणांनी ओरडायचं. अगदी आपल्या युनियनसारखं. (रागावू नकोस, तू तिघांतला होतास.)

इथवर ठीक. मग मी विचारलं, एखादी कंपनी काढून दुसरी घातली की आकडा धाडकन बदलत नाही का? तो म्हणाला, नाही, भाजक असतो ना. तीस जणांची बेरीज एका भाजकाने भागतात. अदलाबदल झाली की नव्या बेरजेला तो असा बसवतात की आदल्या दिवशीचा आकडा जसाच्या तसा राहील. गेलेला आणि आलेला यांच्यातला फरक सगळा भाजकात जिरतो. म्हणजे आपली कंपनी तिसांतून बाहेर गेली त्या दिवशी आकडा आपल्यामुळे पावलीभरही हलला नाही. हलू नये अशीच सोय आहे. घास घशात अडकला माझ्या. निखिल म्हणाला, बाबा, पापड तिखट आहे का? म्हटलं, हो.

तुला आठवतं, त्या सकाळी गेटवर आपण काय म्हणालो होतो? मार्केटला कळेल आता. कळलं कुणाला? सगळं भाजकाने गिळलं.

हे सुमनला सांगितलं तर ती म्हणते, चाळिशीतल्या गोष्टीवर अजून रडता. पोराला सांगितलं तर तो म्हणतो, हेच तर चांगलं, रडका गेला की दुसरा येतो. त्याचं खोटं नाही. वर्षातून दोनदा, जूनला आणि डिसेंबरला, यादी तपासतात. गेल्या डिसेंबरात जेएसडब्ल्यू स्टील बाहेर आणि झोमॅटो आत. पोलाद गेलं, जेवण घरपोच देणारा आला! यंदा जूनमध्ये मॅगीवाली नेस्ले आणि इंडसइंड बँक गेल्या, ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स आल्या. त्या कात्रणात प्रीमियर ऑटोमोबाइल्स आहे, हिंदुस्तान मोटर्स आहे, म्हणजे पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडर शेजारी शेजारी. सेंच्युरी, बॉम्बे डाइंग आहे. या चौघांतलं कुणी आज तिसांत नाही. शंभराचे ऐंशी हजार झाले म्हणतात, पण मेलेल्यांना वेळीच खांदा देऊन. ज्याने १९८६ ची यादी घेऊन ट्रंकेत ठेवली, त्याचे ऐंशी हजार नव्हेत. माझ्यासारख्याचे तर नाहीतच.

आणि १९९२ चं तू काढशीलच, म्हणून मीच काढतो. हो, तू म्हणालास विक. निर्देशांक ४,४६७ वर गेला होता, बँकेतला शिपाईसुद्धा एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचे भाव सांगत होता. तू तुझे शेअर विकून कल्याणच्या जागेचे पैसे भरलेस. मी तुला कंपनीशी बेइमान म्हटलं, सगळ्यांदेखत, चहाच्या टपरीवर. मग २८ एप्रिलला एका दिवसात ५७० अंक पडला आणि तू आठवडाभर एक शब्द बोलला नाहीस. तेच मला जास्त लागलं. बोलला असतास तर भांडता आलं असतं.

आता गंमत बघ. निखिल सांगतो तो फंड तुझ्यासारखाच बेइमान आहे. ज्याला यादीतून काढलं त्याला विकायचं आणि नव्याला घ्यायचं, एवढंच त्याचं काम. मी सही केली की तेहतीस वर्षांनी तुझ्या बाजूला गेलो. महिना झाला फॉर्म टेबलावर पडून आहे. पैसे बुडतील याची भीती कमी आहे, दुसरं काहीतरी आहे, ते मला लिहिता येत नाही, तुला कळेल.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? पोरीचा पुण्यातला क्लास कसा चाललाय? वहिनींच्या हातच्या आमसुलांची बरणी संपली, हे सुमनने मुद्दाम लिहायला सांगितलंय. कलमं या वर्षी धरली का नीट?

गणपतीला ये. सर्टिफिकेटं रद्दीत द्यावीत असं निखिल म्हणतो, फ्रेम करावी असं सुमन. मी म्हटलं, बाळ्या आल्यावर बघू. शंभर शेअरांची तुला, शंभरांची मला. कात्रण मात्र मी ठेवणार, ती रेघ माझी आहे.

तुझा,
शऱ्या

ता. क. सही कुठे करायची तिथे निखिलने पेन्सिलीने फुली मारून ठेवली आहे. तू येईपर्यंत ती पुसणार नाही, गिरवणारही नाही.